मास्तरांची पोटरी

शिंप्याच्या त्या दुकानाच्या मधोमध एक पडदा होता. अलीकडे कापायचं टेबल आणि त्याच्याशी नऊ नऊ तास उभे असणारे मास्तर. पलीकडे आरसा आणि बायकांची मापं घेणाऱ्या मास्तरीणबाई. पडदा कापडाचाच, त्यामुळे नजर अडायची, बोलणं नाही.

कंबरेला टेप लागली की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "बाळंतपणानंतर सुटलं बघा सगळं." मास्तरीणबाईंना एवढं निमित्त पुरायचं.

"माझं तर विचारूच नका. बावीस तास! आणि हे कुठे? बाहेर बाकावर. तोंड उघडं टाकून घोरत होते. मुलगी झाली हे सांगायला आयाबाईंनी गदागदा हलवलं."

"अगंबाई!"

लेक आता बावीस वर्षांची होऊन नोकरीला लागली होती, तरी पडद्याआड तिचा जन्म आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचा. मुळात ती अकरा तासांत झाली होती. दर दोन वर्षांनी एक तास, या हिशेबाने बाळंतपण वाढत गेलं. बाकावरची झोप मात्र वाढली नाही की घटली नाही. ती खरी होती, म्हणून मास्तरांना जास्त लागायची.

मास्तरांना बायकोचा मत्सर वाटायचा. कळांचा नव्हे, एवढे काही ते वेडे नव्हते. त्या 'अगंबाई'चा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुखणं म्हणजे एक उपटलेली दाढ, आणि दाढ काय, सगळ्यांनाच असते.

मग गेल्या वर्षी त्यांच्या पोटरीत गोळे यायला लागले. उभ्याउभ्या पोटरीचा दगड व्हायचा, पायाचा अंगठा आपोआप वर वळायचा. एकदा शाळेच्या पॅन्टींचे आठ थर एकदम कापताना गोळा आला आणि आठ मुलांचा डावा पाय आखूड झाला. मास्तर किंचाळले.

"काय झालं?" पडद्याआडून.

"गोळा आला गं! जीव जातोय!"

"पाय आपटा. जीव जाणं काय असतं ते मला विचारा."

बावीस तासांना 'अगंबाई' आणि याला 'पाय आपटा'. जावे त्याच्या वंशा म्हणतात खरं, पण त्या वंशाला जायची मास्तरांना सोय नव्हती. पोटरीपेक्षा पोटातच जास्त दुखायला लागलं.

प्रसूती विभागातल्या एक सिस्टर गणवेश शिवायला यायच्या. मास्तरीणबाई डॉक्टरचं ऐकायच्या नाहीत, पण सिस्टरांचा शब्द म्हणजे शेवटचा. मास्तरांनी त्यांची पंधरा दिवस वाट पाहिली. त्या एकदाच्या आल्या, पडद्याआड गेल्या, आणि मास्तरांनी पडद्याकडे तोंड करून घसा खाकरला.

"सिस्टर, एक विचारू? पोटरीतला गोळा जास्त दुखतो की बाळंतपण?"

पलीकडे टेपची सळसळ थांबली.

"लाज वाटते का काही?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"विचारू द्या हो. मी दोन्ही सोसलंय." सिस्टर हसल्या. "धाकट्याच्या वेळी बाळंतपणाचं एवढं काही वाटलं नाही. पण त्याआधी सातव्या महिन्यात जे गोळे यायचे ना, आई गं! कळ येते, जाते, मध्ये श्वास तरी घेता येतो. गोळा दमच घेऊ देत नाही. माझ्यापुरतं विचाराल तर गोळा. पण तो दोन मिनिटांत जातो, मास्तर, आणि शेवटी हातात बाळबीळ काही येत नाही."

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलंच नाही.

"पंजा धरून गुडघ्याच्या दिशेने ओढायचा," सिस्टर बायकोला सांगत होत्या. "आणि सारखा येत असेल तर एकदा तपासून घ्या."

त्याच संध्याकाळी गोळा आला. मास्तरीणबाई पडदा सारून बाहेर आल्या, खाली बसल्या, त्यांनी नवऱ्याचा पंजा दोन्ही हातांनी धरून ओढला.

"फार दुखतंय का हो?"

"मरण आहे," मास्तर म्हणाले. गोळा मघाशीच सुटला होता, पण त्यांनी पाय काढून घेतला नाही. लग्नानंतर इतकं बरं त्यांना क्वचितच वाटलं असेल.

चार दिवसांनी बँकेतल्या एक बाई ब्लाउज शिवायला आल्या. कंबरेला टेप लागली.

"बाळंतपणानंतर सगळंच..."

"बाळंतपणाचं काय घेऊन बसलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या पोटरीत गोळे येतात. बाळंतपणापेक्षा भयंकर! सिस्टर स्वतः म्हणाल्या."

मास्तरांनी खडू खाली ठेवला, शर्ट सारखा केला.

"दिवसातून चार-चारदा. हातातलं टाकून धावायचं, तो एवढा थोरला पंजा ओढायचा. माझे खांदे नुसते भरून येतात हो. बाळंतपण एकदाच झालं, सुटले. हे रोजचं."

"अगंबाई! कसं सोसता हो तुम्ही?"

"सोसायचं. सांगणार कोणाला?"

"चारदा नाही, आठवड्यातून दोनदा!" मास्तर पडद्यावर ओरडले. "आणि पाय माझा आहे!"

"मास्तर, बोलू द्या ना त्यांना जरा," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "बिचाऱ्या कधी नव्हे ते मन मोकळं करतायत."

नेमका तेव्हाच उजव्या पोटरीत गोळा उठला. असा याआधी कधी आला नव्हता. अंगठा वळला, डोळ्यांसमोर काजवे चमकले. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले. ओरडले असते, तर ती ओरडही उद्या पलीकडूनच ऐकावी लागली असती, तीही चौपट करून.

"अहो," पडद्याआडून मास्तरीणबाईंनी विचारलं, "गप्पसे झालात? आला का?"

"नाही," मास्तर म्हणाले.