चौथी घुमटी

देवळ्यापासून सायखेड्यापर्यंत कुंदनने कितीतरी मोबाइल टॉवर उभे केले होते. टॉवर लांबून दिसला की त्याची छाती फुगायची. त्यामुळे गोदाघाटावरच्या त्या गच्चीत भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, "इथे आपलं काहीच दिसता कामा नये," तेव्हा त्याला हसूच आलं.

दगडी इमारत नवसाबाईंची, खाली त्यांचं फुलांचं दुकान. सणासुदीला घाटावर गर्दी झाली की कुणाचाच फोन लागत नसे. तरी बाई अडून बसल्या होत्या.

"रेंज पायजे, पण खांब नाय. घाटावरून वर पाह्यलं तर देवळाचा कळस दिसावा, तुमचं लोखंड नाय."

गच्चीच्या तीन कोपऱ्यांवर छोट्या दगडी घुमट्या होत्या. चौथी कधीकाळी ढासळलेली. अँटेना कुठे आणि कशी बसवायची हे ठरवणं भाग्यश्रीचं काम. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"फायबरची घुमटी करू. अँटेना आत. फायबरमधून लहरी आरपार जातात."

जुन्या घुमट्यांच्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणांचेही तिने साचे घेतले. घुमटी बसली, नवसाबाई हरखल्या. पण मीटरवर सिग्नल निम्मासुद्धा येईना.

"झाकल्यावर असंच होणार, मॅडम," कुंदन म्हणाला.

 फायबरचा एक कोरा तुकडा भाग्यश्रीने अँटेनासमोर धरला. सिग्नल जागच्या जागी. मग रंगवलेला धरला आणि काटा कोसळला. दगडासारखी चमक यावी म्हणून रंगात धातूची पूड मिसळलेली होती.

"रंगात काय आहे, हे मीच आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतःच खरवडायला बसली. कुंदनने दुसरा कागद उचलला.

नवा रंग साधा होता. त्यावर तिने शेवाळाचे ओघळ काढले, कबुतरांची घाणसुद्धा रंगवली. कुंदन ब्रश धुवायचा विसरून बघतच राहिला.

पौर्णिमेला घाट माणसांनी फुलला होता. बायकोला आपलं काम दाखवायला कुंदन तिला समोरच्या पुलावर घेऊन आला.

"कुठंय?" उज्ज्वलाने विचारलं.

त्याने बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. चारही घुमट्या सारख्याच दिसत होत्या आणि पलीकडून कोपऱ्यांचा अंदाजच लागेना. त्याने फोन लावला. एवढ्या गर्दीतही पहिल्याच प्रयत्नात लागला.

"मॅडम, आपली कोणती हो?"

फोनवर भाग्यश्री खळखळून हसली. त्याला मात्र गहिवरून आलं होतं.