पडद्याआडचे एकोणीस

मी एक जुना पडदा आहे. पडदा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मखमल, झालर आणि नाट्यगृह आलं असेल, तर मित्रांनो, मला तुमची निराशा करावी लागणार. मी पुठ्ठ्याचा आहे. चार पानं, तीन घड्या, उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. टेबलावर उभा केला की माझ्यामागे एका माणसाचे दोन हात आणि त्याची सगळी गुपितं मावतात. एवढंच माझं काम.

सोळा वर्षांपूर्वी एका दातांच्या दवाखान्यात नवी खुर्ची आली. ती ज्या खोक्यातून आली, त्या खोक्याचा मी एक भाग. खुर्चीला आतल्या खोलीत मानाची जागा मिळाली आणि मला जिन्याखालची. पण त्या खुर्चीत बसून कोणी हसल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. माझ्यासमोर बसून लोक पोट धरून हसले आहेत.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा नवरा ग्रंथपाल. लोकांनी पानं कापलेली पुस्तकं परत आणली की हा दिवसभर हळहळत असे. मला ब्लेडने कापताना मात्र त्याने काहीच हळहळ दाखवली नाही. माझ्या आतल्या बाजूला त्याने मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ते लिहिले: किती उंचावरून पडल्यास किती लागतं, अंधारात किती पावलांपर्यंत दिसतं, कोणता राक्षस कशाला घाबरतो. बाहेरच्या बाजूला डॉक्टरांनी ड्रॅगन रंगवला. त्यांनी तोवर आयुष्यात दातांखेरीज काही काढलेलं नव्हतं. त्यामुळे ड्रॅगनचे दात निर्दोष आहेत, एका दाढेत चांदी भरलेली आहे, आणि उरलेला प्राणी जास्त जेवलेल्या पालीसारखा दिसतो.

आता खेळाविषयी सांगतो. दर रविवारी दुपारी तीन वाजता, दवाखाना बंद असताना, रुग्णांच्या बसायच्या खोलीत हा खेळ चाले. एक जण सूत्रधार. तो सांगणार, समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसणार आणि आपलं पात्र काय करतं ते सांगणार. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. राक्षसांच्या वतीने सूत्रधार फासा टाकतो, तो माझ्याआड. मोठा आकडा पडला की राक्षसाचा वार बसतो. पात्र मेलं तर मेलं. त्याचा कागद फाडायचा आणि नवं पात्र लिहायचं. नियम असा आहे.

ग्रंथपाल सूत्रधार झाला. दवाखान्याच्या मावशी आठवडाभर टेबलामागे बसून हळू आवाजात "जरा बसा हं" म्हणत. रविवारी त्या सात फुटी कुऱ्हाडवाला योद्धा होत आणि "आधी मान, मग चौकशी" म्हणत. शेजारचे बस ड्रायव्हर जादूगार झाले. हा जादूगार कुठल्याही वाहनात बसत नाही, चालतच जातो. डॉक्टरांनी वैद्य व्हायला साफ नकार दिला. "रविवारी मी कोणाचं काही दुखणं बघणार नाही," म्हणाल्या, आणि धनुष्यबाण घेऊन बसल्या.

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. चौथ्याच रविवारी माझ्याआड पहिली थाप मारली गेली. ड्रायव्हरांनी आपल्या जादूगाराचं पूर्वायुष्य सहा पानं, पाठपोट, लिहून आणलं होतं. तो गुहेत शिरला आणि पाचव्या मिनिटाला छतावरून कोळी उतरला. सूत्रधाराने फासा टाकला. वीस. त्याने एकदा फाशाकडे पाहिलं, एकदा त्या सहा पानांकडे, आणि फासा उचलून म्हणाला, "तीन. कोळ्याचा नेम चुकला."

ड्रायव्हर इतके खूश झाले की त्यांनी घरून बिस्किटं आणली.

पुढे ही सवयच झाली. लोक म्हणत, काय नशीबवान टोळी आहे ही. मी गप्प राही. गप्प राहण्यासाठीच तर मला केलं होतं.

मग डॉक्टरांची आई गेली आणि खेळ थांबला, तो दोन वर्षं. माझी रवानगी मागच्या खोलीत, कॉम्प्रेसरच्या मागे. तिथे ओल होती. खालून मी फुगलो, घड्यांवर फाटलो. वीज गेली की मावशी मला हलवून वारा घेत. एकदा कोणीतरी चहाची गरम किटली माझ्यावर ठेवली. ड्रॅगनच्या पोटावर बशीएवढा गोल डाग पडला, तो कायमचा. माझ्यावर काय लिहिलंय हे त्या दोन वर्षांत एकानेही वाचलं नाही. उपेक्षेविषयी मला याहून जास्त बोलवत नाही.

मला पुन्हा उजेड दिसला तो डॉक्टरांच्या वडिलांमुळे. ते घड्याळजी. दुकान विकलं, बायको गेली, आणि ते दिवसभर घरात बसून राहू लागले. मुलीने त्यांना रविवारी ओढून आणलं. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात बसले होते. मी टेबलावर तीनदा कोसळलो.

"हे उभं का राहत नाही?" त्यांनी विचारलं.

"जुनं झालंय, बाबा."

"जुनं मीही झालोय." त्यांनी मला घरी नेलं. पुढच्या रविवारी आणलं तेव्हा माझ्या तिन्ही घड्यांना मनगटी घड्याळांच्या कातडी पट्ट्यांच्या बिजागऱ्या होत्या. टाके इतके बारीक, की मीच ते मोजू शकलो नाही. मला मिटून बंद करायला बाहेरून एक पितळी बक्कलही आहे.

मला टेबलावर उभं करून ते म्हणाले, "आता मी कोण?"

"तुम्हाला व्हावंसं वाटेल ते," सूत्रधार म्हणाला.

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं प्रामाणिकपणे परत केली. मला चोर व्हायचंय."

अशी किल्ली जन्माला आली. वय सतरा, अंगाने काटकुळी, स्वभाव: धाडसी. किल्ली ज्या घरात चोरी करी, त्या घरातल्या घड्याळाला आधी चावी देई, मग तिजोरीला हात लावी. मावशींचा योद्धा तिला खांद्यावरून मिरवी. घड्याळजींच्या गालांवर रंग आला. आणि सूत्रधाराने मनाशी ठरवलं, जग इकडचं तिकडे होवो, किल्लीला काही होऊ द्यायचं नाही. ती गेली तर सासरे पुन्हा दिवसभर घरात बसून राहतील.

नऊ वर्षं त्याने तिला जपलं. सतरा पडले की सहा म्हणायचा, वीस पडले की दोन.

मग एका रविवारी खेळ संपल्यावर घड्याळजी बूट घालता घालता मुलीला म्हणाले, "पुढच्या वेळपासून मला आणायला येऊ नकोस."

"का? गुडघा?"

"गुडघा ठीक आहे. कंटाळा आलाय."

"बाबा, असं काय करता? घड्याळाचा मनोरा अर्धा राहिलाय. तो तरी होऊ दे."

"एक रविवार," ते म्हणाले.

ते गेल्यावर सूत्रधार कप गोळा करत म्हणाला, "अगं, मी किती जपतो त्यांना, तुला माहीत नाही."

"म्हणजे काय करतोस?"

"काही नाही." त्याने मला मिटलं.

तो शेवटचा रविवार आला. सूत्रधाराने मोठी तयारी केली होती. उंच मनोरा, वर प्रचंड घड्याळ, फाटकाची चावी एका आडव्या तुळईच्या टोकाला, आणि तुळईवर दगडी पहारेकरी. किल्लीने चावी आणायची, फाटक उघडायचं, सगळ्यांनी जिंकायचं. सासरे खूश होऊन घरी जातील आणि पुढच्या रविवारी परत येतील, असा हिशेब.

किल्ली तुळईवरून गेली. चावी हातात आली. परतताना पहारेकरी हलला.

"तेरा किंवा वर पडले तर ती खाली," सूत्रधार म्हणाला, आणि फासा टाकला.

एकोणीस. माझ्या पायाशी, अगदी सरळ, वाचायला सोपे. सूत्रधाराने फासा उचलला.

"चार," तो म्हणाला.

"जावईबापू," घड्याळजी म्हणाले, "काय पडलं होतं?"

"चार, बाबा."

"खरा आकडा असला की तुम्ही फासा पडलेला ठेवता. हातात चहाचा कप घेता. खोटा असला की आधी उचलता, मग बोलता. माझा सगळा धंदा कानावर चालला. नऊ वर्षं ऐकतोय मी."



"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी बरं वाटलं. कोणीतरी जपतंय म्हटल्यावर कोणालाही बरं वाटतं." त्यांनी किल्लीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "पण हे वाचा. स्वभाव: धाडसी. जिला काही होऊच शकत नाही, ती कसली धाडसी? नऊ वर्षं मी एका पोरीला जिना चढवतोय आणि उतरवतोय. म्हणून कंटाळा. आता सांगा, काय पडलं होतं?"

सूत्रधाराने बायकोकडे पाहिलं. तिने मदत केली नाही. त्याला अजूनही चार म्हणता आलं असतं. पुरावा त्याच्या मुठीत होता. त्याने मूठ उघडून फासा टेबलावर ठेवला.

"एकोणीस."

"मग पडली," घड्याळजी म्हणाले.

ड्रायव्हर मध्येच खाकरले. "म्हणजे सर, माझा तो कोळी?"

"वीस."

"म्हणजे मी पहिल्या महिन्यातच गेलेलो."

"सोळा वर्षं मेलेल्या माणसाबरोबर चहा पितेय मी," मावशी म्हणाल्या.

"त्या उंचीवरून खाली यायला किती वेळ लागतो?" घड्याळजींनी विचारलं.

सूत्रधाराने माझ्या आतल्या तक्त्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तीन श्वास."

"पुरेत. पहिल्या श्वासात ती चावी मावशींकडे फेकते."

"घेतली," मावशी म्हणाल्या.

"दुसऱ्यात मनोऱ्याचं घड्याळ बघते. पाच मिनिटं मागे आहे."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात काही नाही. पडते."

मावशींनी फाटक उघडलं. टोळी जिंकली. कोणी जिंकल्यासारखं दिसत नव्हतं. घड्याळजींनी किल्लीचा कागद नियमाप्रमाणे फाडला, मला हळूच मिटलं, माझं बक्कल लावलं, आणि ते गेले.

त्या आठवड्यात मी मासिकांच्या ढिगावर पडून होतो. दाढ धरून बसलेल्या एका गृहस्थांनी मला उघडून पाहिलं आणि लगेच मिटलं. शनिवारी डॉक्टरांनी वडिलांना फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आणायला येऊ नकोस." फोन बंद.

रविवारी तीन वाजले. चौघं बसले होते. मला कोणी उभं केलं नाही. सव्वातीन झाले.

"घालवलं मी त्यांना," सूत्रधार म्हणाला. "नऊ वर्षं खोटं बोलून घालवलं, नाहीतर एकदा खरं बोलून. कशाने ते ठरव तूच."

"चहा पी," डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात घड्याळजी, हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम.

"बाबा, चालत आलात?"

"मग? आणायला येऊ नकोस म्हटलं होतं ना. चालत आलो की रस्त्यात विचार करता येतो." त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. "ही घ्या. किल्लीची आई. लेकीला शोधत आलीय."

डॉक्टरांनी कागद मोठ्याने वाचायला घेतला. "वय बासष्ट. गुडघे दुखतात. पळणं जवळपास शून्य. सवय: दार लावून निघाली तरी परत येऊन एकदा कडी ओढून बघते." पुढे त्यांना वाचवेना. ही त्यांच्या आईची सवय होती.

"बाबा," सूत्रधार म्हणाला, "हिला मी वाचवणार नाही."

"वाचवायचं नाहीच. तिचं ती बघेल." मग ते माझ्याकडे वळले. "पडदा आणा."

त्यांनी पिशवीतून धारदार पातं काढलं. मित्रांनो, मला वाटलं, संपलं. सोळा वर्षं खोटं झाकल्याची शिक्षा म्हणून हे योग्यच आहे, असंही वाटून गेलं. त्यांनी मला पाठीवर झोपवलं आणि किटलीच्या डागावर पातं टेकवलं.

"फेकूनच द्यायचा ना," ड्रायव्हर म्हणाले. "आता कशाला पडदा?"

"फेकायचा कशाला? नकाशा आतच राहू दे. पुढच्या दाराआड काय आहे, ते मला आधी कळायला नको. फासा तेवढा दिसला पाहिजे."

डागाच्या कडेकडेने त्यांनी माझं पोट गोल कापलं आणि त्यात एका जुन्या टेबलावरच्या घड्याळाची काच बसवली. कडेला कातडी पट्टी, तेच बारीक टाके. आता सूत्रधार माझ्याआड फासा टाकतो तेव्हा समोरच्या चौघांना तो ड्रॅगनच्या पोटात पडलेला दिसतो.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं पुठ्ठ्याचं काही तुमच्या घरी असेल, तर त्याला ओल्या भिंतीला टेकवू नका. त्याच्याच घडीवर घडी घाला, उलटी नको. त्यावर किटली ठेवू नका. ठेवलीच, तर डाग गोल पडेल एवढं बघा. आणि एखादं माणूस फार जपावंसं वाटलं, तर जरूर जपा, पण त्या जपण्याला काच असू द्या.

आज रविवार आहे. किल्लीची आई एका अंधाऱ्या पुलावर उभी आहे. पूल जुना आहे, गुडघे त्याहून जुने. सूत्रधाराने फासा टाकला आहे. त्याचा हात सवयीने पुढे येतो, काचेमागे थांबतो, आणि चहाचा कप उचलतो.