छतावरच्या सळया

मित्रांनो, मेक्सिको शहरात टेकडीवरच्या एका वस्तीत मी रताळी विकत फिरतो. फिरतो म्हणजे काय, होनोरियो मला ढकलतो. मी त्याचा जुना पत्र्याचा गाडा. माझ्या पोटात लाकडांची भट्टी आहे आणि डोक्यावर वाफेची शिट्टी. संध्याकाळी ती किंचाळली, की पोरे ताटल्या घेऊन दारात येतात. तरुणपणी होनोरियो मला एका हाताने चढावर न्यायचा.

आमच्याकडे चार पैसे सुटले, की लोक विटा आणि सळया घेतात. छत घातले, तरी खांबांच्या सळया वर तशाच उभ्या ठेवतात. पुढे त्यांवर मुलाचा मजला चढेल, तो वर राहील, म्हातारपणी तोच बघेल. माझ्या भट्टीची सगळी कमाई अशी छतावर गेली. कोणी विचारले, तर होनोरियो ऐटीत बोट दाखवायचा, "ती काय माझी पेन्शन, वर उभी आहे!"

मुलगा एफ्राइन सीमेपलीकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. आधी नाताळला फोन यायचा, मग तोही बंद झाला. सळया गंजल्या. होनोरियोने पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे गेले, तरी तो मला ढकलतच राहिला.

परवा चढावर माझे चाक मोडले. होनोरियो पडला, निखारे रस्ताभर झाले. दुसऱ्या दिवशी दारात भंगारवाला आला.

"अहो, गाडा देऊन टाका," होनोरियोची बायको चायो म्हणाली. "बास झालं आता."

"आणि खायचं काय? सळया?"

चायोने वर छताकडे बोट केले. "मग सळयाच द्या."

"अगं, एफ्राइनचा मजला आहे तो."

"त्याला तरी आठवतोय का?"

करवत घेऊन होनोरियो जिना चढला. दुपारभर मी खाली उभा राहून ते कापणे ऐकत होतो. भंगारवाल्याने सळयांच्या बदल्यात मला एक चाक दिले.

नवे चाक मिळाले, की गाड्याला आनंद व्हावा. मला फार वाईट वाटले. मी मोडीत गेलो असतो, तर निदान तो घरी बसला असता, असे वाटते. पण उपाशीच बसला असता, हेही मला कळते.

मित्रांनो, आज पुन्हा आम्ही निघालो आहोत. तो आता छाती लावून ढकलतो. शिट्टी ऐकू आली, तर चढाच्या वरून हाक मारू नका. रताळे हवे असेल, तर तुम्हीच खाली उतरून या.