मावशीच्या नावापुढचं साल

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि शिकणारा गोंधळायच्या आत माझा पाय त्यावर पडलेला असतो. समोरचा माणूस विचार करत बसला की मला राहवतच नाही. आई म्हणते, तू जन्मालाही घाईनेच आलीस. तेव्हा जे झालं ते घाईत झालं, असं म्हणून मला हात झटकता आले असते. पण ते घाईत झालेलं नाही. नीट विचार करून, चहाचा कप शेजारी ठेवून, मी माझ्या सख्ख्या मावशीला मृत ठरवलं.

मावशी म्हणजे आईची एकुलती एक बहीण. आमच्या घरात तिचा उल्लेख नुसता 'धाकटी' असाच व्हायचा. आजोबांना पसंत नसलेल्या माणसाबरोबर ती तरुणपणी घर सोडून गेली आणि आजोबांनी जाहीर केलं, ती आपल्यासाठी मेली. आजोबा काचेच्या कारखान्यात मुकादम होते; भट्टीपाशी त्यांच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही आणि घरात तर नाहीच नाही. पुढे आजोबा गेले, आजी गेली, घर विकलं गेलं. धाकटीला शोधायची आईला मोकळीक मिळाली तेव्हा तिचा पत्ता कुणाकडेच उरला नव्हता. आता आई ऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांनी दगा दिलाय, गुडघे कधीचेच संपावर गेलेत. "एकदा तिचा आवाज ऐकला की मी मोकळी," एवढंच ती म्हणते. हट्ट न करता म्हणते, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच त्रास होतो.

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे दोन संगणक, एक स्कॅनर आणि जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा न जाणारा वास. गावातल्या लोकांनी आपापल्या घरातले जुने फोटो, शाळेचे दाखले, कारखान्यांच्या हजेऱ्या तिथे आणायच्या, त्या संगणकावर चढवायच्या आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या पाहायच्या. एकाला आजोबांचं नाव सापडतं, दुसरा त्याखाली लिहितो की हे आमच्या शेजारी राहायचे. येणारे बहुतेक निवृत्त. आपण कुठल्यातरी बड्या घराण्यातले निघू, या आशेने येतात आणि पणजोबा कोळसा विकत होते, हे कळल्यावर गुपचूप जिना उतरतात. मला बडं घराणं नको होतं. मला एक मावशी हवी होती.

नोंदणी मी आईच्या नावाने केली. तसा तिचाच आग्रह होता. धाकटीने कधी पाहिलंच तर तिला ओळखीचं नाव दिसायला हवं. मग आजोबांची कारखान्यातली नोंद शोधली, दोघी बहिणींच्या शाळाप्रवेशाच्या नोंदी जोडल्या, आणि आईकडे असलेला एकमेव फोटो चढवला. दोघी एका सायकलीला टेकून उभ्या आहेत, धाकटी हसू दाबतेय आणि आईने तिचा दंड घट्ट धरलाय. या फोटोवरून कुणीतरी ओळखेल, असा माझा हिशेब होता.

पण इथेच घोडं अडलं. जिवंत माणसाची माहिती तिथे कुणाला दिसत नाही. मृत्यूची नोंद होईपर्यंत नावावर करडी चौकट आणि त्याखालचं सगळं झाकलेलं. मी ग्रंथपाल बाईंकडे गेले. बाई शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, ज्यांची माहिती त्यांची संमती आणा, लगेच उघडते. मी म्हटलं, संमती विचारायला ती सापडली असती तर मी तुमचा जिना कशाला चढले असते? त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "तिला सापडायचं नसेल तर?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. घरी आले, चहा केला, घरच्या संगणकावर मावशीचं पान उघडलं आणि 'मृत' या शब्दापुढे खूण केली. संगणक साल मागू लागला. साल टाकल्याशिवाय पुढे जाईना. खरं साल माहीत नसेल तर ज्या वर्षाची शेवटची माहिती आहे ते घालावं आणि 'अंदाजे' लिहावं, असं बाईंनीच शिकवलं होतं. धाकटीबद्दल आमच्याकडची शेवटची माहिती एकच, ती घरातून गेली त्या वर्षाची. मी ते साल घातलं. करडी चौकट गेली, फोटो उघडला, आणि नियमाला नियमानेच चकवल्याचा मला आनंदही झाला. काम झालं की खूण काढून टाकायची, कुणाला कळतंय?

कुणाकुणाला कळलं. धाकटीच्या वर्गातल्या एकीने लिहिलं की आम्ही दोघी एका बाकावर बसायचो, ती माझी गणितं सोडवून द्यायची, गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. मी ते आईला वाचून दाखवलं, पण गणितांपर्यंतच. आई किती हसली. म्हणाली, गणितं माझ्याकडून करून घ्यायची आणि वाटायची दुसऱ्यांना, अशी होती ती. मग विचारलं, "आणि ती आता कुठे आहे, ते नाही लिहिलं?" मी नाही म्हटलं. चपलांच्या जुन्या दुकानदाराने लिहिलं, त्यानंतर आणखी एकाने, आणि प्रत्येक वेळी मी अर्धंच वाचत गेले. आईचा चेहरा माझ्याकडे वळलेला असायचा आणि माझे डोळे पडद्यावरच्या न वाचलेल्या ओळीवर. वाटायचं, आत्ता ती खूण काढावी. पण लोक लिहू लागले होते. कुणीतरी पत्ता देईल, अजून थोडं थांबू, असं म्हणत मी थांबले. एरवी मला लाल दिव्यापाशीही थांबवत नाही.

मग ते आलं. मी एका विद्यार्थ्याला सोडून दुसऱ्याची वाट पाहत गाडीतच बसले होते. फोनवर पान उघडलं तर खाली नवा मजकूर होता. लिहिणारी मावशीची मुलगी होती, म्हणजे माझी मावसबहीण, जी मला आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तिने लिहिलं होतं: "आजोबांचं नाव शोधताना हा फोटो दिसला. मी आनंदाने आईला दाखवला. आई जिवंत आहे. तिने खालची ओळ वाचली, साल वाचलं आणि कुणी लिहिलंय तेही वाचलं. त्यानंतर ती जेवली नाही. तिने एवढंच सांगायला सांगितलंय की ताईचं म्हणणं पोचलं. कृपया यापुढे आम्हाला शोधू नका."

मी ते पुन्हा वाचलं तेव्हा मला कळलं, मी काय करून ठेवलंय. ज्या वर्षी ती घराबाहेर पडली त्याच वर्षी ती मेली, असं तिथे लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या जागी माझ्या आईचं पूर्ण नाव होतं आणि त्यापुढे नातं: मोठी बहीण. आजोबांनी रागाच्या भरात जे म्हटलं ते आईने म्हातारपणी सगळ्या गावाला वाचायला ठेवलं, असंच ते दिसत होतं. विद्यार्थी काचेवर टकटक करत होता. मी त्याला घरी पाठवलं आणि गाडीतच रडले.

तिथे बसूनच मी मावसबहिणीला उत्तर लिहिलं. आईला यातलं काही माहीत नाही, खूण मी केली, साल मी घातलं, फोटो दिसावा म्हणून केलं, सगळी चूक माझी. एकही शब्द लपवला नाही. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. तिने माझं म्हणणं मावशीला वाचून दाखवलं होतं आणि मावशी म्हणाली होती, मुलगी आईच्या चुकीवर पांघरूण घालतेय, आमच्या घराची जुनी सवय आहे ती. बोलायचं असेल तर ताईने स्वतः बोलावं. खाली फोनचा नंबर होता आणि सोबत एक इशारा, की मावशी फोन उचलेलच असं नाही.

आता आईला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती खिडकीपाशी बसून चाचपत उशीच्या अभ्र्याची गुंडी लावत होती. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, अर्ध्या वाचलेल्या ओळींसकट. धाकटी जिवंत आहे, हे ऐकताच तिने अभ्रा तोंडाला लावला. पुढचं ऐकताना मात्र ती रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अभ्रा घडी करून बाजूला ठेवला आणि मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

धाकटी गेली त्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी होती. आजोबांनी तिच्यादेखत आईला विचारलं, ही तुझी कोण लागते? आई म्हणाली, कुणी नाही. आजोबांच्या धाकाने म्हणाली, पण म्हणाली. धाकटीने ते ऐकलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गेली.

"तेव्हा तुझं लिहिणं तिला नवीन नाही," आई म्हणाली. "लाव फोन."

मी आईला नीट समजावलं. पहिल्याच वाक्यात सांग की मुलीने केलं, मला दिसत नाही, मला संगणक येत नाही, ती खुळी आहे, काय वाटेल ते म्हण. वाटलं तर मी बोलते. आई मान हलवत होती. आईला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो तिच्या मांडीवर ठेवला. घंटी खूप वाजली. मग कुणीतरी फोन उचलला, पण बोललं नाही.

"मी आहे," आई म्हणाली.

"मेलेल्या माणसाला फोन करतेस होय ताई?"

आवाज आईसारखाच होता, फक्त थोडा जाड. मी पुढे सरकले आणि आईला खूण केली, सांग. आईने माझा हात बाजूला केला.

"ते मीच लिहिलं धाकटे," ती म्हणाली. "सालही मीच घातलं."

"तुझी मुलगी तर म्हणते तिने लिहिलं."

"ती माझ्यासाठी म्हणते. बाबांनी विचारलं तेव्हा मी जे बोलले, तेच ते. मी तेव्हा चुकले. त्यानंतर रोज चुकले. मला माफ कर."

मी तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. पण खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला होता, आणि या गोष्टीची मला केलेल्या चुकीपेक्षा जास्त लाज वाटते. पलीकडून आधी नुसता श्वास आला, मग रडणं, मग मावशी आईला अद्वातद्वा बोलली. आईने एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. बोलून बोलून मावशी दमली तेव्हा तिनेच विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत, आणि दोघी दुखण्यांवर आल्या. मी उठून बाहेर गेले.

नंतर मी आईवर चिडले. म्हटलं, खोटं कशाला बोललीस? मी केलं होतं ना? ती म्हणाली, "तिला त्या दिवसाची माफी हवी होती. तुझ्या चुकीची माफी घेऊन ती काय करणार?" मला उत्तर सुचलं नाही. या वेळी राग आला तो माझाच आला.

मी ती खूण काढली. करडी चौकट परत आली, फोटो झाकला गेला. बाईंना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि माझं नोंदी करणं बंद केलं. मी त्यांचे आभार मानले. निदान कुणीतरी मला शिक्षा केली होती.

मावशी आली ती मुलीसोबत, दुपारच्या वेळी. बहिणी एकमेकींना धरून दारातच उभ्या राहिल्या, इतका वेळ की शेवटी मी आणि मावसबहीण त्यांना वळसा घालून आत गेलो. मग त्या आईच्या खोलीत बसल्या आणि मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने मावशी माझ्यामागे आली. दार उघडंच होतं, आईला आत सगळं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलत होती. बहुधा आईने ऐकावं म्हणूनच.

"मी ताईला माफ केलंय," ती म्हणाली. "पण तुला एक सांगते. आईची चूक आपल्या डोक्यावर घ्यायला निघालीस, सगळं मीच केलं म्हणून लिहिलंस. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, अशी मुलगी मिळायला नशीब लागतं."

आतून आईचा आवाज आला नाही. मीही काही बोलले नाही. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.