मंगळवारचं पाणी, शुक्रवारचं पाणी

निवृत्त होण्याआधी तळ्याची सगळी आकडेवारी डेटा भांडारात ठेवायची, म्हणजे ती कुणालाही वापरता येईल, असं बाईंनी ठरवलं. काम आठवड्याभराचं वाटलं होतं, पण घोडं अडलं ते सोबतच्या माहितीपत्रकावर. भांडारातली तपासनीस मुलगी भारी चिकट. तबकडी केवढी होती, दोरी भिजून ताणली जायची का, मोजणी होडीच्या सावलीत की उन्हात? विचारून विचारून तिने बाईंच्या नाकी नऊ आणले. पण खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायला लागलं होतं. तळ्याबद्दल इतक्या आपुलकीने त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

एकेक उत्तर लिहिताना ते दिवस समोर यायचे. काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. पाणी जितकं नितळ, तितकी ती खोलवर दिसते. त्यांचे तेव्हाचे वरिष्ठ, सर, होडीत वाकलेले, टोपी मागे सारलेली. बाई तेव्हा नुकत्या रुजू झालेल्या, कागद भिजू नयेत म्हणून ते मांडीखाली दाबून बसलेल्या. "गेली!" सर ओरडायचे, आणि मग थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं आळीपाळीने चहा प्यायची. त्या चहाची आठवण आली की बाईंना अजून भरून येतं.

शेवटचा प्रश्न आला: तबकडी कोण बघत होतं?

यात काय अवघड! मंगळवारी सर, शुक्रवारी बाई. पुढे वारच वाटून घेतलेले, म्हणून वेगळं लिहायचं कुणाला सुचलंच नाही. दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढायची, झालं. बाईंनी निरीक्षकाचा नवा स्तंभ भरला, सहज दोघांचे आलेख वेगवेगळे काढले, आणि मग पुन्हा एकदा तपासून पाहिले.

शुक्रवारची रेघ सरळ होती. मंगळवारची वर्षागणिक खाली येत गेलेली; तबकडी दर वर्षी आणखी कमी खोलीवर दिसेनाशी झालेली.

तळं गढूळ होत चाललंय, हा सरांचा आयुष्यभराचा निष्कर्ष. त्यावर त्यांचं नाव झालं. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. डॉक्टर म्हणाले होते, फार वर्षं अंगावर काढलंत. पण सर पुन्हा कधी होडीत बसलेच नाहीत, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईंनाही कळत होतं. स्तंभ कोरा सोडला असता तर कोण विचारणार होतं? पण उद्या कुणी पोर त्या आकड्यांवर विसंबून तळ्याबद्दल भलतंच काही सांगत सुटलं असतं. आणि सरांना न विचारता लिहायचं, तर म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याची कमाई पाठीमागून पुसायची. बाई आलेख घेऊन सरांकडे गेल्या.

सूनबाईंनी दार उघडलं. सर खिडकीशी बसले होते.

"सर, रागावू नका," बाई म्हणाल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

सरांनी कागद गुडघ्यावर पसरला. "ही खालची माझी?"

"हो."

"आणि वरची तुझी. सरळ."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाईंना वाटलं, कुठून अवदसा आठवली आणि आलो इथे.

"अगं पोरी," सर म्हणाले, "म्हणजे तळं चांगलंच होतं की!"

"सर, पण तुमचा निष्कर्ष..."

"खड्ड्यात गेला निष्कर्ष! मंगळवारी घरी आलो की मला घास जायचा नाही. वाटायचं, आपल्या डोळ्यांदेखत मरतंय बिचारं आणि आपण नुसते मोजत बसलोय. शेवटी शेवटी तर तिकडे जाववत नव्हतं मला." त्यांनी सरळ सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "लिही तू. मंगळवारचा निरीक्षक मी, आणि डोळ्यांत मोतीबिंदू होता, हेही लिही. लाजू नकोस."

बाईंनी मान हलवली.

"माझ्या शेवटच्या आठवड्यातला तुझा आकडा आहे का गं?"

बाईंनी शोधून तो शुक्रवारचा आकडा वाचला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.