मधलं दार

धाकटीनं मधल्या दाराचा पडदा सारला, तरातरा ओट्यापाशी आली आणि हातातला कागद चिरलेल्या कोबीशेजारी आपटला.

"वाचा, ताई. सोसायटीची नोटीस. आपलं दार बंद करायचं म्हणतायत."

थोरलीनं सुरी ठेवली. हात पुसले, मग परत पुसले. कागदात काय आहे ते तिला वाचण्याआधीच ठाऊक होतं, पण वाचल्यासारखं तर करायला हवं. ती चष्मा शोधू लागली. चष्मा डोळ्यांवरच होता.

"दोन घरांमधली भिंत परवानगीशिवाय फोडलीय म्हणे. इमारतीला धोका आहे म्हणे. महिन्याभरात भिंत बांधून घ्या, नाहीतर सभेला उत्तर द्या." धाकटीला श्वास घ्यायची सवड नव्हती. "इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही, ते आत्ताच कसं खुपलं? कुणीतरी चुगली केलीय. नाव कळू दे फक्त. त्याच्या दारात खुर्ची टाकून बसते की नाही बघा."

बोलता बोलता तिनं कढईवरचं झाकण उचललं, वाकून वास घेतला.

"मीठ कमी पडलंय हो," ती म्हणाली आणि झाकण तिरकं टाकून आली तशी निघून गेली.

थोरलीनं झाकण सरळ केलं. मग भाजी चाखून पाहिली. मीठ खरंच कमी होतं.

दोघी सख्ख्या जावा. भावाभावांनी शेजारशेजारची घरं घेतली, आणि सासूबाईंनी अंथरूण धरल्यावर मधली भिंत फोडून दार काढलं, म्हणजे कुणाही सुनेला हाक मारली की ती पोहोचावी. सासूबाई गेल्या. मग दोन वर्षांपूर्वी दीरही गेला. दार मात्र राहिलं. त्याला ना कडी ना कोयंडा, नुसता एक निळा पडदा. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीतून तर अख्खी बाई येत होती, आणि तीसुद्धा दिवसातून हवी तेव्हा.

धाकटी पार्लर चालवायची. दिवसभर बायकांची डोकी हातात घेऊन बोलायची आणि उरलेलं बोलणं घरी घेऊन यायची. थोरली उलट. उभी हयात प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: जेवणानंतरची दुपार, कोमट पाण्यात पाय, आणि कुणी काही विचारणार नाही. एवढंसं मागणं, पण ते मागायचं कुणाकडे? एकट्या पडलेल्या जावेला 'येऊ नकोस' म्हणायला जीभ कशी रेटणार?

तशी ती सहन करत आलीही असती. पण एका दुपारी ती अशीच बसली होती, गाऊन गुडघ्यापर्यंत, पाय टबात, डोळे मिटलेले, ओठांवर कुठलंसं जुनं गाणं. आणि पडदा हलला. तिनं डोळे उघडले तर समोर हातात पाना घेतलेला प्लंबर. "मुख्य कॉक कुठंय, मावशी?" त्यानं विचारलं. धाकटीनं त्याला "जा की सरळ आत, आपलंच घर आहे" म्हणून पाठवला होता. संध्याकाळपर्यंत ही गंमत पार्लरमार्गे सगळ्या इमारतीत पोचली. जो तो थोरलीला बघून हसू लागला. तीही हसली. रात्रभर मात्र तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

त्याच आठवड्यात तिची दाढ ठणकली. दातांचे डॉक्टर खालच्याच मजल्यावरचे, आणि सोसायटीचे अध्यक्षही तेच. दाढ भरून झाली, डॉक्टरांनी तोंडातला कापूस काढला, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते हे:

"डॉक्टर, घराघरांतल्या भिंती फोडलेल्या नियमात बसतात का हो?"

डॉक्टर आधी हसले. मग गंभीर झाले. काही धोका दिसतोय का, त्यांनी विचारलं.

"चौकटीच्या वर भेग आहे. घड्याळामागे. लांबपर्यंत गेलीय." तिनं पर्स उचलली. "माझं नाव मात्र येऊ देऊ नका."

सापही मरावा आणि काठीही तुटू नये, एवढाच तिचा हिशेब. सोसायटी सांगेल, भिंत उभी राहील, दोघी मिळून चार दिवस सोसायटीला नावं ठेवतील, आणि मग दोघी एकमेकींकडे घंटा वाजवून येतील. जगात सगळे तसेच येतात.

पण धाकटीनं कंबर कसली. पार्लर अर्धा दिवस बंद ठेवून ती उपनियमांची पुस्तिका वाचायला बसली, वकिलाच्या बायकोचे केस फुकट रंगवून दिले आणि त्या बदल्यात वकिलाचं डोकं खाल्लं. आपल्या घरात आपण काय करायचं यावर आपला हक्क किती आणि सोसायटीचा किती, हे तिला तोंडपाठ झालं. येताजाता पडद्यातून डोकं घालून ती थोरलीलाही शिकवू लागली.

"खांबाला, तुळईला हात लावला असेल तरच ते अडवू शकतात, ताई. ही नुसती आडभिंत आहे. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला तक्रार करणाऱ्याचं नाव कळलंच पाहिजे. भर सभेत विचारणार आहे मी."

"नाव कळून काय करायचंय?" थोरली म्हणाली. "झालं गेलं."

"अहो, झालं कुठंय अजून?"

खाई त्याला खवखवे. दूध उतू जाऊ लागलं, इस्त्री चालू राहू लागली. एकदा तर थोरली डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आली, तक्रार मागे घेते म्हणून सांगायला. आत रोगी होता. ती बाहेरच्या बाकावर थोडी बसली आणि उठून परत आली.

तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर भिंत बघायला आले तेव्हा धाकटी त्यांना दोन्ही बाजूंनी फिरवत होती. थोरली घड्याळाखालीच उभी होती. इंजिनिअरांनी चौकट ठोकून पाहिली, मान हलवली.

"घड्याळ काढू का?" धाकटीनं विचारलं.

"कशाला," थोरली घाईनं म्हणाली. "परवाच सेल घातलाय. काढलं की बंद पडतं ते."

घड्याळ जागेवरच राहिलं. भिंत ठणठणीत असल्याचं लिहून मिळालं. थोरलीला हे आपण का केलं ते कळेना. दार जावं म्हणून तिनंच भेग दाखवली होती आणि आता तीच भेग झाकत होती.

सभा खाली वाहनतळात भरली. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी पहिल्या रांगेत, शेजारी थोरली. थोरलीचा नवरा आला नव्हता. दोघी जात असताना तिसऱ्यानं बोलायची गरज काय, असं त्याचं साधं म्हणणं.

धाकटी उभी राहिली आणि तिनं एकेक मुद्दा असा काढला की मागच्या रांगेतले पेंगणारेसुद्धा सरळ बसले. मग तिनं हातातले कागद खाली ठेवले.

"हे झालं नियमाचं. आता खरं सांगते. माझा नवरा गेला तेव्हापासून मला झोप लागायची नाही. पडद्यापलीकडून दादांचं घोरणं ऐकू येतं, तेव्हा कुठं डोळा लागतो. हसा, हसा. तुम्हाला ती एक भिंत वाटते. मला ती बांधलीत तर मी त्या घरात एकटी आहे हे रोज रात्री कळेल. आणि पलीकडं माझी जाऊ आहे. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तिनं माझं केलंय. तिला विचारा, तिला तरी हे दार नकोय का."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ती मान नेमकी कशासाठी हलली, हे तिचं तिला ठाऊक.

"म्हणून विचारते, डॉक्टर," धाकटीचा आवाज चढला. "ही आग कुणी लावली? नाव सांगा. माझा हक्क आहे."

डॉक्टर अडखळले. नाव सांगायचं नाही हा शब्द त्यांनी दिला होता, आणि शब्द पाळायच्या घाईत त्यांनी विषय बदलला.

"नावाचं नंतर बघू. आधी धोक्याचं बोलू. तक्रारीत भेगेचा स्पष्ट उल्लेख आहे. चौकटीच्या वर, घड्याळामागे. इंजिनिअरसाहेबांच्या कागदात ती नाही. का नाही?"

धाकटीनं इंजिनिअरांचा कागद उचलून पाहिला. घड्याळ थोरलीच्या बाजूला होतं. ते थोरलीशिवाय कुणी काढत नसे. धाकटीच्या बाजूची भिंत गुळगुळीत होती.

तिनं शेजारी पाहिलं नाही. थोरली वाट पाहत होती, की आता ती वळेल. पण तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"ती भेग मला माहितीय. मीच बोलले असेन पार्लरमध्ये कुणाकडे तरी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. नुसत्या गिलाव्याची आहे. जाऊन बघा."

काहीजण हसले.

"आणि नाव?" मागून कुणीतरी विचारलं. "नाव तरी कळू द्या की."

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "काय करायचंय नाव घेऊन."

ती खाली बसली. इंजिनिअर वर गेले. ते परत येईपर्यंत लोक आपापसांत पाण्याच्या टाकीचं बोलत राहिले. दोघी जावा शेजारीशेजारी बसून होत्या आणि धाकटी एक अक्षर बोलत नव्हती. थोरलीनं इतकी शांतता कितीतरी वर्षं मागितली होती. आता ती मिळाली होती आणि सोसवत नव्हती.

"अगं," तिनं हळूच सुरुवात केली.

"सभा चालू आहे, ताई."

इंजिनिअर हात झटकत आले. भेग गिलाव्याचीच होती, भिंतीवर कसलाच भार नव्हता. हात वर झाले. दार ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती. थोरलीचाही हात वर होता. बायकांनी धाकटीला गराडा घातला. त्यातून वाट काढून थोरली जिन्यापाशी आली, तोवर धाकटी पुढे निघून गेली होती.

घरी नवरा टेबलावर घड्याळ उलटं ठेवून पुसत बसला होता. भिंतीवर ती भेग उघडी दिसत होती, थोरलीनं सांगितली होती त्याहून लहान.

"जिंकलात म्हणे," तो खुशीत म्हणाला. "बाई हुशार हो आपली. मला आधीच वाटलं होतं, हिच्यापुढं सोसायटीची डाळ शिजायची नाही."

दुसऱ्या दिवशी पडदा हलला नाही. सकाळी नाही, पार्लरला जाताना नाही, पार्लरहून आल्यावरही नाही. जेवणं झाली. थोरलीनं टबात कोमट पाणी घेतलं, पाय बुडवले, डोळे मिटले. कुणी आलं नाही. पलीकडे चमच्याचा आवाज आला, नळ सुरू झाला, नळ बंद झाला. बंद झाला म्हणजे आता येईल, असं तिला वाटलं. पाणी थंड होईपर्यंत ती वाटच पाहत बसली.

मग ती उठली. ओल्या पायांनी ओट्यापाशी गेली. कढईवरचं झाकण उचललं आणि सोडून दिलं. ते फरशीवर पडलं, गोल गोल फिरत मोठ्यांदा वाजलं आणि थांबलं.

पलीकडे खुर्ची सरकली. पावलं आली. घाईघाईनं, नेहमीसारखी. पडद्याखाली धाकटीच्या चपला दिसल्या, अगदी उंबऱ्याला टेकलेल्या. थोरलीला 'ये ना' म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द पटकन सापडला नाही.

चपला वळल्या. पलीकडच्या पुढच्या दाराची कडी निघाली. आणि थोरलीच्या दारावरची घंटा वाजली.

ती दार उघडायला गेली तेव्हा तिच्या पायांचे ओले ठसे हॉलभर उमटले. बाहेर धाकटी उभी होती, ओढणी नीट घेऊन, दोन्ही हात पुढे धरून, परक्या घरी जाताना बाया उभ्या राहतात तशी.

"काही पडलं का?" तिनं विचारलं. "लागलं नाही ना?"

थोरलीनं मान हलवली. ती बाजूला झाली, वाट करून दिली. धाकटी आत आली नाही.

"कोण आलंय गं?" आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

धाकटीनंच उंबऱ्याबाहेरून उत्तर दिलं, आपल्या नेहमीच्या मोकळ्या, हसऱ्या आवाजात.

"शेजारीण आहे, दादा."

आत तो मनापासून हसला.