कुंपणापाशी अडकलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे; पण वाण्याच्या दुकानातला नव्हे. माझ्या पारड्यात कधी डाळ पडली नाही, की गूळ. मी बारूद तोलायचा तराजू. बिडाचा पाय, पोलादी काटा आणि टोकाला अंगठ्याएवढं पितळी पारडं, एवढाच माझा संसार. पण तांदळाची कणी जास्त पडली तरी माझा काटा लगेच वर जायचा.

कारखान्यातून खोक्यात बसून मी अमेरिकेत, मोंटानातल्या एका डोंगरगावात आलो. ऑर्व्हिल ट्वेट हा माझा मालक. लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. तिथली माणसं वर्षातून एक एल्क मारतात आणि हिवाळाभर घर त्या मांसावर चालतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. ऑर्व्हिल दुकानातली काडतुसं घेत नसे. रिकाम्या पितळी नळ्या घासून, त्यांत बारूद तोलून भरायची आणि तोंडाशी गोळी बसवायची, हे सगळं तो हातानं करी. नेम चुकला तर जनावर तडफडतं, ही त्याची एकच भीती.

मी काम करत असताना गॅरेजचं दार बंद असे, पंखा बंद असे. श्वाससुद्धा तो तोंड वळवून सोडायचा. त्याची लेक सिग्नी शेजारी स्टुलावर बसून तोललेलं वजन वहीत लिहायची.

"बाबा, मी शिंकू का?"

"शिंक की. मग सगळं परत तोल."

आई नसलेलं ते घर या असल्या बोलण्यावर उभं होतं. सिग्नी मोठी झाली, शाळेत शिकवू लागली, तरी दर शरदात त्या स्टुलावर येऊन बसायची. ते दिवस माझ्या सुखाचे होते, हे मी लपवत नाही.

पुढे ऑर्व्हिलचे गुडघे गेले. डोंगर चढणं सुटलं आणि त्याला कागदाचा नाद लागला. गावाबाहेरच्या मैदानात टेबलावर बंदूक टेकवून कागदावर गोळ्या मारायच्या आणि भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. शेजारचा लायल कागद उजेडात धरून म्हणायचा, "अरे, तीन गोळ्या आणि एवढंसं भोक! तुझ्या तराजूला देव्हाऱ्यात बसव." मीही फुशारलो. स्तुती कुणाला कडू लागते?

पण भोक अजून लहान हवं होतं. म्हणून ऑर्व्हिल पितळी नळीत गोळी थोडी बाहेर बसवू लागला. काडतूस बंदुकीत सरकवलं की गोळीचं टोक थेट बंदुकीच्या नळीत आतून कोरलेल्या आट्यांना जाऊन टेके. कागदावरची भोकं एकात एक मिसळली. सिग्नीनं ते काडतूस हातात घेऊन पाहिलं.

"बाबा, फार लांब वाटतंय हे. डोंगरात अडकलं तर?"

"मी तुझ्या जन्माआधीपासून भरतोय, बाई."

"एल्क कागदाचा नसतो, एवढंच म्हणते."

तो हसला आणि तीच काडतुसं त्यानं तिच्या खिशात घातली.

त्या दिवशी काय झालं ते मी नंतर लायलच्या तोंडून ऐकलं. ऑर्व्हिलची बंदूक सिग्नीच्या हातात होती; तो काठी टेकत मागून चालत होता. तिनं गोळी झाडली, वारा फिरला आणि एल्कच्या पोटात लागली. तो धडपडत तारेच्या कुंपणापलीकडे गेला. तिनं दुसरं काडतूस आत सरकवलं होतं. पण भरलेली बंदूक घेऊन कुंपण ओलांडायचं नाही, ही बापाचीच शिकवण. म्हणून काडतूस बाहेर काढायला तिनं बंदुकीचा दांडा मागे ओढला. पितळी नळी बाहेर आली, बारूद सगळी सांडली आणि गोळी मात्र आत, आट्यांत रुतून बसली. आता नवं काडतूस आत जाईना. चाळीस पावलांवर एल्क उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

अडकलेली गोळी ठोकून काढायची सळई घरी, माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. दिवसभर मी ती बघत होतो, पण मला काय ठाऊक!

गावातून लायलची बंदूक आणेपर्यंत एल्क निघून गेला आणि हिमानं रक्ताच्या खुणा झाकल्या. तीन दिवस शोधलं. एल्क सापडला नाही. चौथ्या दिवशी ऑर्व्हिलनं परवान्याच्या चिठ्ठीवरची तारीख चाकूनं कापली. जनावर हाती लागलं की ती कापतात. घायाळ करून हरवलेलं जनावरही आपलंच मारलेलं, असं तिथली जुनी माणसं मानतात. त्या हिवाळ्यात त्यानं दुकानातलं मांस आणलं.

बापलेकीत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. सिग्नी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. नाताळात येई, स्वयंपाकघरात बसे, गॅरेजकडे फिरकत नसे. ऑर्व्हिलनं माझ्यावर फडकं टाकलं. ते फडकं अकरा वर्षं उचललं गेलं नाही.

यंदा मार्चमध्ये ऑर्व्हिल गेला. गॅरेज रिकामं करायला सिग्नी आली, मदतीला लायल आला.

"हा तराजू टाकू का, पोरी?"

"थांबा, काका." तिला माझ्याखाली ठेवलेली वही दिसली होती. शेवटचं पान तिनं हळू आवाजात वाचलं: "गोळी बाहेर बसवलेली. शिकारीला देऊ नये. सिग्नीचं म्हणणं बरोबर होतं. चूक माझी. तिला सांगायचं आहे."

त्याखाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती. पुढची पानं कोरी.

"मला वाटायचं, माझा नेम चुकला म्हणून ते रागावलेत," ती म्हणाली.

लायल खाली बसला. "आणि तो मला म्हणायचा, पोरीला आता माझं तोंड बघवत नाही."

सिग्नी त्या स्टुलावर बसून खूप रडली. मग तिनं फडक्यानं माझं पारडं पुसलं आणि काटा शून्यावर येईपर्यंत श्वास तोंड वळवून सोडला, बापासारखा.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी अवजारं जपा. झाकून ठेवा, पुसा. कणभर धूळही आमचा काटा चुकवते. पण त्याआधी माझं एवढं ऐका. गुंजेचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या मालकाचे चार शब्द बोलायचे राहून गेले. कुणाला काही सांगायचं असेल तर वहीत लिहून ठेवू नका. उठा आणि त्याच्या घरी जा.